वरचा एक डॉलर

“माझ्याकडे नेमकं किती निघतं, एवढंच सांगा,” डोरा म्हणाली.

खिडकीतल्या बाईंनी काचेखालच्या फटीतून गोळ्यांची वाटी पुढे सरकवली. “आधी पेपरमिंट घे, हनी.”

डोराने एक घेतली. मीही घेतली. फुकटचं नाकारायला आम्ही काही श्रीमंत नव्हतो.

काउंटीच्या कोर्टाची कचेरी, खिडकी क्रमांक चार. बाईंचे पांढरे केस पिंजलेल्या कापसासारखे, गळ्यात नाजूक क्रॉस, आणि आवाज इतका मऊ की नकारसुद्धा प्रसादासारखा हातावर पडावा.

“आमच्याकडे तीनशे बारा दिसतात,” बाई म्हणाल्या. “पण ते फक्त आमचे हं. वसुली कंपनीचे वेगळे. प्रोबेशनवाल्यांचे वेगळे. ते शुक्रवारी बसतात.”

“शुक्रवारी गेले होते. त्यांनी इथे पाठवलं.”

“मग अगदी बरोबर ठिकाणी आलीस की!”

“सगळं मिळून किती, ते सांगणारं कुणी नाही का?” मी मागून विचारलं.

बाईंनी माझ्याकडे कौतुकाने पाहिलं. नऊवार नव्हे, साधी पाचवारी, वर लेकाचा स्वेटर, पायात बूट. “या कोण?”

“माझी मैत्रीण. नवी मतदार आहे,” डोरा म्हणाली. “नागरिक होऊन सहाच महिने झालेत. अजून देणेकरी व्हायला वेळ मिळालेला नाही.”

या गोष्टीला बारा वर्षं झाली. मी तेव्हा अडुसष्टची. हे गेल्यावर समीरने, माझ्या मुलाने, मला नगरहून इकडे आणलं. राज्याचं नाव सांगत नाही. दक्षिणेकडचं आहे, उकाडा भरपूर आणि देवधर्मही भरपूर, तेव्हा मला परकं असं वाटलंच नाही. नागरिकत्वाच्या परीक्षेत साहेबाने विचारलं होतं, नागरिकाचा एक हक्क सांगा. मी म्हटलं, मतदान. साहेब म्हणाला, शाब्बास. डोरा इथेच जन्मलेली, तिची आई आणि आजीही इथल्याच. तिला कुणी परीक्षेला बसवलंच नाही. त्यामुळे नापास झाली बिचारी.

ती आम्हा म्हाताऱ्यांच्या केंद्राची गाडी चालवायची. उंच, काळीसावळी, पन्नाशी उलटलेली, हसली की गाडीच्या काचा हलतील अशी. आमची ओळख कीर्तनामुळे झाली. मी मागच्या सीटवर फोनवर कीर्तन लावून बसायची. कानात बोंडं घालून देवाचं नाव ऐकणं मला जमत नाही. एक दिवस ती आरशातून म्हणाली, “मिस कुमु, हे पाद्री कोण? माणूस बोलता बोलता गायला लागला!”

“पाद्री नव्हे, बुवा.”

“रविवारी माझ्या चर्चला चल. मग तुला दाखवते.”

मी गेले. धर्मगुरू आधी साधं बोलत होते. मग शब्द लांबायला लागले, ऑर्गनवाल्याने पट्टी धरली, आणि ते बोलता बोलता सुरात कधी शिरले कळलंच नाही. पुढच्या बाया हात वर करून ओरडायला लागल्या, “सांगा! सांगा!” अहो, हा तर आपला पूर्वरंग! फक्त बुक्का तेवढा लावायचा राहिला. मी टाळ्या धरल्या. माझा ताल बघून शेजारच्या बाईंनी मला आपला पंखा दिला. त्या चर्चमधला तो सगळ्यात मोठा मान, असं डोराने नंतर सांगितलं.

तर डोराचा गुन्हा. त्याच्या चोवीस वर्षं आधी तिची आई इस्पितळात होती. आई वाचली नाही, बिल वाचलं. डोराने औषधवाल्याला आणि वाण्याला चेक दिले, खात्यात पैसे नव्हते. सात चेक. आठ महिने ती आत बसली. बाहेर आल्यावर कळलं की खटल्याचा खर्च वेगळा, सरकारी वकिलाचा वेगळा, तिच्यावर नजर ठेवायला प्रोबेशनचा माणूस ठेवला त्याचा पगारही तिनेच द्यायचा. तेव्हापासून दर महिना पंचवीस डॉलर चालू होते. त्यातले दहा वसुली कंपनी आधी स्वतःला घ्यायची, वसूल करण्याचे कष्ट पडतात म्हणून.

मताचा हक्क गेला तो गेलाच. पण आमचं राज्य मोठं दयाळू. त्याच्या दोनच वर्षं आधी इथल्या लोकांनी कौल दिला की शिक्षा भोगून झालेल्यांना मत परत द्या. आमदारांनी तो शिरसावंद्य मानला आणि खाली एक बारीकशी ओळ घातली: सगळं देणं फिटल्यावर. बाकी असताना नाव नोंदवलं तर तो नवा गुन्हा, पाच वर्षांचा. आणि बाकी किती, हे सांगण्याची जबाबदारी कुणाची, ते लिहायला जागा उरली नसावी.

“एकदा मत द्यायचंय मला,” डोरा त्या दिवशी गाडीत म्हणाली. “आई दर निवडणुकीला टोपी घालून जायची. मलाही घेऊन जायची. तिची टोपी अजून आहे माझ्याकडे.”

यानंतर ती तीन कचेऱ्या पाच वेळा फिरली आणि शेवटी एक कागद मिळाला. सगळं मिळून आठशे चाळीस. नाव नोंदवायची मुदत ऑक्टोबरच्या पहिल्या सोमवारी संपत होती. हातात अकरा दिवस.

मला काय सुचणार? मला कीर्तन सुचलं.

आमच्या मराठी मंडळाच्या गणपतीत त्या शनिवारी वामनबुवा मेहुणकरांचं कीर्तन होतं. मंडळात माझी पत मोठी. वार्षिक सभेच्या दिवशी दाराशी टेबल टाकून, यादी घेऊन मी बसायची. ज्याची वर्गणी भरलेली, त्याला मताची पिवळी चिठ्ठी. ज्याची बाकी, त्याला खडीसाखर. वाटी माझी स्वतःची, चांदीची. सहा वर्षांत एकही बाकीदार चिठ्ठी घेऊन आत गेला नव्हता, आणि एकही रागावून परत गेला नव्हता. अध्यक्ष डॉक्टर राजहंस दरवर्षी भाषणात सांगायचे, “कुमुदकाकू दाराशी आहेत, म्हणून मंडळात लोकशाही आहे.”

हे राजहंस भूलतज्ज्ञ. माणसं झोपवण्यात हातखंडा, इस्पितळात सुईने आणि मंडळात भाषणाने. आरतीच्या ताटाचे पैसे डोराला द्यायचं मी त्यांच्या कानावर घातलं.

“काकू, भावना समजते,” ते म्हणाले. “पण मंडळ राजकारणात पडत नाही.”

“हे राजकारण नाही हो. देणं आहे.”

“देणं केलं कुणी? चेक कुणी लिहिले?”

“आईला औषध हवं होतं.”

“औषध मीही रोज देतो, काकू. फुकट कुणाला देत नाही.” हे मात्र शंभर टक्के खरं होतं.

मग मी बुवांकडेच गेले. ताट त्यांच्या बिदागीचं. बुवांनी पान जुळवता जुळवता ऐकून घेतलं. म्हणाले, “आई, विमानाचं भाडं मंडळाने दिलंय, जेवण तुम्ही घालताय. ताट त्या बाईंचं. आख्यान कुठलं लावू?”

“मंगळवेढ्याचं.”

बुवा हसले. भक्ताकडे बादशहाची बाकी निघते, आणि देव महाराचा वेश घेऊन, खांद्यावर घोंगडी टाकून खजिन्यात जातो, थैली रिती करतो, पावती घेतो आणि चालू लागतो. लहानपणापासून ऐकलेलं. तेव्हा मला वाटायचं की यातला चमत्कार म्हणजे थैलीतली न संपणारी रास. त्या वर्षी कळलं की खरा चमत्कार पावतीचा आहे. एका खेपेत मिळाली!

शनिवारी शाळेच्या सभागृहात डोरा आईची पांढरी टोपी घालून पहिल्या रांगेत बसली. भाषा एक अक्षर कळत नव्हती. बुवांनी पहिली तान घेतली आणि डोरा ठणकावून म्हणाली, “सांगा, बुवा!” सगळं सभागृह दचकलं. तबलजीचा हात क्षणभर वर राहिला. बुवांनी तिच्याकडे पाहिलं, झांज कपाळाला लावली आणि जे गायले! पंचवीस वर्षांत असा टाळकरी लाभला नाही, असं ते नंतर म्हणाले.

आरतीचं ताट मी स्वतः फिरवलं. राजहंसांनी अकरा डॉलर टाकले आणि फोटो निघेपर्यंत हात ताटावरच ठेवला. कुणी एकवीस, कुणी पाच. पल्लवी तांबटने घडी घालून काहीतरी टाकलं. तिचं पोरगं दिवस भरायच्या दोन महिने आधी जन्मलेलं, आता दीड वर्षाचं, तरी त्याच्या इस्पितळाचं बिल अजून चालू होतं, हे सगळ्यांना माहीत होतं. मी ताट घरी आणून नोटा सोडवल्या तर तिचे एक्कावन्न. मी मनात म्हटलं, हिची गंमतच आहे. इथे एक्कावन्न आणि मंडळाची वर्गणी चाळीस, ती मात्र थकलेली.

कमी पडले त्यात मी भर घातली. आठशे चाळीस झाले. पण शून्यावर संपणारी रक्कम देवाच्या ताटातून कुणाला कशी द्यायची? आमच्या घरी आहेर असो, दक्षिणा असो, कुणाच्या हातावर कधी वरच्या एकाशिवाय काही पडलं नाही. वरचा एक म्हणजे देणं संपत नाही, पुढे वाढतं. मी बँकेत जाऊन आठशे एकेचाळीसचा ड्राफ्ट केला.

“हा एक कशाला?” डोराने विचारलं.

मी समजावलं. तिला फार आवडलं. “आमच्या चर्चमध्ये सांगायला हवं,” ती म्हणाली.

मंगळवारी खिडकी क्रमांक चारमधून ड्राफ्ट आत गेला. बाईंना इतका आनंद झाला की त्यांनी उठून डोराचे हात धरले, काचेखालच्या फटीतून, जेवढे बाहेर आले तेवढे. “शुक्रवारी ये, हनी. ‘संपूर्ण फेड’चा दाखला तयार ठेवते.”

शुक्रवारी आम्ही दोघी गेलो. डोराने टोपी घातली होती. बाई स्क्रीनकडे बघत होत्या. वाटी पुढे आली.

“एक लहानशी अडचण आहे.”

“काय?”

“दाखला शून्य बाकीवर निघतो. तुझी बाकी शून्य नाही.”

“सगळे भरले की!”

“सगळ्यापेक्षा जास्त भरलेस. उणे एक दाखवतंय.” बाईंनी स्क्रीन आमच्याकडे वळवला. हिरव्या अक्षरांत एक, आणि त्याच्या आधी एक आडवी रेघ. “खातं उघडं आहे. परतावा राजधानीहून येतो. सहा ते आठ आठवडे.”

निवडणूक पाच आठवड्यांवर होती. मुदत सोमवारी.

वरचा एक माझाच होता. डोराने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही, आणि ते जास्त लागलं.

“तो डॉलर मी सोडला,” मी पुढे झाले. “माझा आहे तो. देणगी समजा.”

“काउंटीला देणगी घेता येत नाही, डिअर. त्याला ठराव लागतो.”

“मग माझ्याकडून एक डॉलर कशाचा तरी घ्या,” डोरा म्हणाली. “काहीतरी फी लावा. चोवीस वर्षं लावताय.”

बाईंनी मनापासून विचार केला. त्या वाईट नव्हत्या, हेच तर अवघड होतं. “झेरॉक्सचा डॉलर असतो. पण तो दुसऱ्या खात्यात जातो.”

“आणि मी अशीच सही करून नाव नोंदवलं तर?”

“ते मी सांगू शकत नाही. सल्ला दिल्यासारखं होईल.” मग त्या अगदी खालच्या, मायेच्या आवाजात म्हणाल्या, “पुढच्या वेळी हं, हनी. पेपरमिंट घे.”

गाडीत डोराने टोपी काढून मांडीवर ठेवली. मी म्हटलं, “डोरा, माझ्यामुळे झालं.”

“झालं खरं,” ती म्हणाली. मग किल्ली फिरवत, “पण इतक्या वर्षांत पहिल्यांदा सरकार माझं देणं लागतंय, मिस कुमु. मोजून घे.” ती हसली, पण काचा हलल्या नाहीत.

मतदानाच्या दिवशी तिने मला केंद्रावर नेलं. आमच्या वस्तीत चर्चच्या हॉलमध्ये सोय, कॉफी, बिस्किटं. माझं मत सहा मिनिटांत झालं. मग मी तिच्याबरोबर तिच्या वस्तीत गेले. तिथली तीन केंद्रं मिळून एक केलं होतं, काटकसर म्हणून. रांग शाळेला वळसा घालून पेट्रोल पंपापर्यंत गेलेली. डोराने चर्चच्या बायकांना पाच खेपांत तिथे पोहोचवलं, पाणी दिलं, खुर्च्या उतरवल्या. स्वतः फुटपाथवर उभी. मी माझ्या पदरावरचा ‘मी मत दिलं’चा गोल कागद काढून तिला लावायला गेले.

“नको, मिस कुमु,” ती मागे सरली. “त्याचीही पाच वर्षं असतील.”

डिसेंबरात मंडळाची वार्षिक सभा आली. मी टेबल टाकलं, यादी उघडली, पिवळ्या चिठ्ठ्या लावल्या, चांदीची वाटी भरली. विषयपत्रिकेत गणपतीचा खर्च आणि नवीन अध्यक्ष, म्हणजे पुन्हा राजहंस. गर्दी यथातथाच. पल्लवी आली, कडेवर पोरगं. मी यादीवर बोट फिरवलं. तांबट, चाळीस, बाकी.

तोंडातून शब्द आपोआप निघाले, अगदी मऊ, मायेचे. “पुढच्या वर्षी हं, बाळा. खडीसाखर घे.”

आणि वाटी पुढे सरकवली.

पोराने मूठभर उचलली. पल्लवी म्हणाली, “हो काकू, पुढच्या वर्षी नक्की,” आणि भिंतीला लागून उभी राहिली. तिथे आणखी चार-पाच जण होते. दरवर्षी असायचे. त्यांचे चेहरे मला पाठ होते, आणि मी त्यांना वर्षानुवर्षं खडीसाखर खाऊ घातली होती.

माझा हात वाटीवरच राहिला. वाटी पेपरमिंटची नव्हती, एवढाच काय तो फरक. बाकी केस पांढरे, गळ्यात तुळशीची माळ, आवाज गोड.

मी उठले. पिवळ्या चिठ्ठ्यांचा गठ्ठा घेतला आणि भिंतीपाशी जाऊन एकेकाच्या हातात एकेक दिली.

“काकू!” राजहंस व्यासपीठावरून उतरून आले. “त्यांची बाकी आहे.”

“आहे ना.”

“मग नियम काय सांगतो?”

“नियम तुम्ही सांगा. मी चिठ्ठ्या वाटते.”

“अहो, असं केलं तर उद्या कुणी वर्गणीच भरणार नाही!”

“पल्लवीने गणपतीत ताटात एक्कावन्न टाकले, डॉक्टर. तुम्ही किती टाकले होते? फोटोत नीट दिसत नाही.”

सभागृहात कुणीतरी खोकलं. राजहंसांनी तिथल्या तिथे प्रश्न मताला टाकला: बाकीदारांना मत द्यावं का? आणि या प्रश्नावर, अर्थातच, बाकीदारांना मत नव्हतं. ठराव एकतीस विरुद्ध चार मतांनी पडला. चारांतली एक मी, बाकीचे तीन कोण ते मला आजपर्यंत कळलेलं नाही. पल्लवीने चिठ्ठी घडी घालून मला परत दिली. म्हणाली, “काकू, तुम्हाला त्रास नको.”

पुढच्या महिन्यात मंडळाने प्रदीर्घ सेवेबद्दल शाल-श्रीफळ देऊन माझा सत्कार केला. म्हणजे काढलं. दाराशी आता कॉम्प्युटर असतो. तो खडीसाखर देत नाही, त्या मानाने बरा.

फेब्रुवारीत डोराचा परतावा आला. एक डॉलर, शून्य सेंट, राज्याची सोनेरी मुद्रा, पाकिटावर अर्ध्या डॉलरचं तिकीट. मी म्हटलं, “मला दे, देव्हाऱ्यात ठेवते.”

तिने झडप घालून चेक काढून घेतला. “वटवला नाही तर खातं उघडंच राहील, बाई! तुझ्या देवापायी मी पुन्हा अडकेन.”

आम्ही बँकेत जाऊन तो वटवला. खिडकीतल्या मुलाने विचारलं, नोट कशी हवी? डोरा म्हणाली, “कोरी.”

दाखला मार्चमध्ये निघाला. एप्रिलमध्ये एकच निवडणूक होती, शाळा समितीच्या एका जागेची, आणि तिला एकच उमेदवार उभा होता. अख्ख्या वस्तीतून कुणी फिरकलं नसेल. डोराने टोपी घातली, मला गाडीत घेतलं आणि केंद्रात गेली. मी बाहेर बाकावर बसले. पाच मिनिटं झाली, दहा झाली. पुन्हा काही उणं निघालं की काय? जप सुरू केला. वीस मिनिटांनी ती बाहेर आली, छातीवर गोल कागद.

“एवढा वेळ? एकच तर नाव होतं!”

“चोवीस वर्षं थांबले, मिस कुमु,” डोरा म्हणाली. “गोल नीट भरायला नको? अगदी काठापर्यंत भरला.”

मग तिने पर्समधून ती कोरी नोट काढली आणि माझ्या हातावर ठेवली. ती हसली, आणि समोर उभ्या गाडीच्या काचा खडखडल्या.